निवडून ठेवलेला पंप

४ जुलै
सकाळीच आखाडा बाळापूरहून फोन. कांताबाई म्हणून कुणी. आवाज तापलेला.
"भाऊ, तुमी तुमच्या वेबसाईटवर 'हाच घ्या' लिहिलं म्हणून फवारणीचा बॅटरी पंप घेतला. दहा दिवसांत किर्र करून राहिला. चालवून पाहिला व्हता का नुसतंच लिहिलं?"
म्हटलं, ताई, महिनाभर चालवला. आवाज नाही.
"मंग माझाच काहून वरडून राहिला?"
फोन पंपाजवळ धरायला लावला. बेअरिंग गेलेलं. वीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग करून पोट भरलं, एवढं तर फोनवरही कळतं.
पंप घेतला कुठून? कळमनुरी, रफीकभाईकडून. मीही तिथूनच.

५ जुलै
आपला पंप काढला. पेचकसाचं टोक मोटारीवर, मूठ कानाला. एकदम सुरेख. मॉडेल तेच, दुकान तेच. कंपनीचा फुकट नमुना आपण घेत नाही, बिल फायलीत आहे. मग चुकलं कुठं?
बायको, शोभा : "जेवताना तरी कान ताटाकडं आणा."

६ जुलै
कळमनुरी. रफीकभाई खुशीत. सहज विचारलं, माझा पंप कसा काढला होता?
"कसा म्हंजे? सात खोके फोडले, साती चालवले. सगळ्यात गोड आवाजाचा तुमच्यासाठी ठेवला. दोस्ताला काय कोन्ताबी द्यायचा?"
आणि बाकीचे सहा?
"बराबर पॅक केले. गेले गिऱ्हाइकाला."
वर चहा पाजला. प्यायलो. माणसानं जीव लावला होता.

७ जुलै
साईटच्या पहिल्या पानावर माझंच वाक्य : आम्ही तुमच्यासारखंच गिऱ्हाईक होऊन वस्तू विकत घेतो.
गिऱ्हाईक कसला. पाहुणा होतो.
ती शिफारस गुपचूप काढून टाकली तर कुणाला कळेल? कांताबाईला. आणि मला.

९ जुलै
शोभाच्या भावाला पाठवलं, त्याला इकडं कुणी ओळखत नाही. दोन गावांतून दोन पंप, समोर येईल ते खोकं. एक ठीक. दुसरा सहाव्या टाकीला किर्र.
लिहिलं. तळाशी नाही, पानाच्या डोक्यावर : शिफारस मागे घेतो. तपासलेला पंप दुकानदारानं ओळखीपोटी आमच्यासाठी निवडलेला होता, ही चूक आमची. दुकानाचं नाव घातलं नाही.
टाकायच्या आधी रफीकभाईला फोनवर वाचून दाखवलं. विचारायला नाही, सांगायला.
"नाव न्हाई टाकलं ठीक. पन तुमी कुठून घेता हे सगळ्या तालुक्याला ठावं हाय, दत्ताभाऊ." मग हळूच, "दोस्ती केली, त्याची ही तकलीफ."
त्याच्या मागं कुणीतरी पंप चालवून बघत होतं. किर्र. मी ऐकलं. त्यानंही ऐकलंच असणार.
टाकलं.

१२ जुलै
रफीकभाईचा फोन नाही. रोज सकाळचा 'चाय हुई क्या' बंद.
कांताबाईचा मात्र आला. "वाचलं. दुकानवाला बदलून देतो म्हनला. तोंड बारीक करून, पन देतो म्हनला. आता सांगा, कसा पारखून घेऊ?"
म्हटलं, चार-पाच चालवून बघा, किरकिर नसेल तो उचला.
"मला कोन चालवून दावतंय? मी काय तुमी हाय का?"
खरं आहे. उद्या सोबत येतो म्हणून बसलो.
आता टोचून राहिलंय. मी दुकानात उभा राहिलो की रफीकभाई, कितीही रागावलेला असो, खोकी फोडणार. बाईला गोड आवाजाचा मिळेल. बाकीचे पुन्हा पॅक होतील.