मेंढरं बसली तिथं

९ डिसेंबर २०२४

प्रिय बिरुदादास,
साष्टांग नमस्कार. चंद्रव्वा वहिनींनाही नमस्कार सांग. आम्ही खुशाल आहोत, आप्पांचा खोकला कमी आहे. तुझ्या फोनवर भारतचे फोन येतात, म्हणून हे पत्र.

खोली घेतली. बार्शी की कुर्डुवाडी, यात आप्पांनी आणि मी चपला झिजवल्या. शिवणकाम मला दोन्हीकडे मिळत होतं. बार्शीत बाजार मोठा, दवाखाने जवळ, गल्लीत कॅमेरे, जिन्याला लोखंडी दार. कुर्डुवाडीत नळाला रोज पाणी नाही आणि रेल्वेगाडी गेली की भांडी वाजतात. माझ्या मनाने बार्शीच घेतली होती.

आप्पांनी मात्र, मेंढरांचा तळ टाकताना विचारायचे तसं, दोन्हीकडे एकच विचारलं, "हितं लांडगं येत्यात का?" बार्शीचे घरमालक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. मलाही तेच विचारायचं होतं.

तू म्हणतोस, भारतने माफी मागितली, आता परत नांदायला जा. दादा, माझा हात जिन्यावरून पडून मोडला नव्हता. आरोही तेव्हा दारातच उभी होती. तेव्हापासून ती कुठेही गेली तरी माझी ओढणी मुठीत धरून उभीच राहायची. बार्शीच्या खोलीतही दाराकडे बघत उभी राहिली.

"मेंढरं बसंनात तर तळ हलवायचा," आप्पा म्हणाले. मी चिडले. पोरगी म्हणजे मेंढरू आहे का, म्हटलं.

कुर्डुवाडीच्या चाळीच्या मालकीण अंबुबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. आप्पांचा प्रश्न ऐकून त्या हसल्या नाहीत. "आला तर समोरची सगळी दारं उघडत्यात की," एवढंच म्हणाल्या. मी पाण्याचं विचारत होते, तेवढ्यात ओढणीवरची मूठ सुटली. बघते तर आरोही त्यांच्याशेजारी मांडी घालून शेंगा फोडतेय, दाराकडे पाठ करून. आप्पांनी खांद्यावरची घोंगडी काढून तिथंच अंथरली. मला इतकं हायसं वाटलं की भाडं विचारायचंच राहून गेलं.

पाण्यासाठी पिंप घेतलंय. गाडीच्या आवाजाची सवय होईल.

आधीच्या पत्रांवर मी पत्ता घातला नव्हता. तुझ्यावरच्या रागाने नाही, भीतीने. आज पूर्ण लिहिते आहे. भारत विचारेलच. त्याला काही सांगण्याआधी तू एकदा ये आणि आरोहीला बसलेली बघ.

तुझी धाकटी बहीण,
ऋतुजा
अंबुबाईंची चाळ, दुसरी खोली,
स्टेशनच्या मागे, कुर्डुवाडी