दहा लाख तीन

४ मार्च
तीन आठवडे वही उघडली नाही. कारण काही नाही, नुसता कंटाळा. आज उघडली, कारण आत्याची चिठ्ठी हिच्यातच कोंबलीय आणि ती एकदाची निकालात काढायचीय.
चिठ्ठीवर एकच आकडा— १०,००,००३. मला लहानाची मोठी केलेली, अख्खा जन्म शाळेत गणित शिकवलेली बाई. घर सोडताना हातात काय दिलं? हे! ‘‘एक गोष्ट धड शेवटाला नेत नाहीस. ज्याने याला पूर्ण भाग जाईल असा आकडा शोधून आण— एक आणि तो स्वतः सोडून. तोवर माझ्या दारात उभी राहू नकोस.’’
मनात म्हटलं, गेलीस उडत.
आठ महिने झाले. घरी जायचंय. शी, लिहिलं शेवटी!

५ मार्च
सातने भागलं, चार उरले. अकराने— चार. तेराने— चार! सदतीसने पण चार! किळस आली त्या चाराची. घासून न जाणाऱ्या डागासारखा.
कामाला आहे त्या लॉजच्या धुलाईत आज दोनशे चादरी. लोकांचे केस, लाळ, आणि नको ते. त्याच हातांनी जेवायचं.

६ मार्च
काही केलं नाही. पत्ते खेळले. हरले.

११ मार्च
तीनने जात नाही तर नऊने काय डोंबल जाणार— हे कळल्यावर भराभर उरकलं. आज एक हजार नऊवर होते. इस्त्रीवाल्या मावशींनी पाहिलं.
‘‘अगं, कुठवर जाशील? हजार गुणिले हजार म्हणजेच दहा लाख ना? मग हजाराच्या पलीकडचा कोणी असलाच, तर त्याचा जोडीदार अलीकडे असणार. चादर दुमडल्यासारखं. अलीकडे कोणी भेटलं?’’
‘‘नाही.’’
‘‘मग घाल घडी, बये.’’

१२ मार्च
पुन्हा तपासलं. शेवटचा नऊशे सत्त्याण्णव, उरले बारा. म्हणजे मूळ संख्या! भाग जातच नाही कशाने! आणि हे आत्याला ठाऊक नव्हतं? जाणूनबुजून दिली. घरी येऊच नको म्हणायला तोंड नव्हतं का? थू!
हिशेबाची सगळी पानं पाकिटात भरली. वर एक ओळ— ‘भाग जात नाही. तुला माहीत होतं. सुखात राहा.’ मागे लॉजचा पत्ता का लिहिला, देव जाणे.

१३ मार्च
जन्मात पहिल्यांदा काहीतरी शेवटाला नेलं. तेही हे.

१९ मार्च
मावशींनी हाक मारली— ‘‘तुझी कोण ती आलीय गं, धाप लागलीय तिला!’’
आत्या! दोन जिने चढायला कुरकुरणारी आत्या खाली मळक्या चादरींच्या ढिगावर बसलीय. हातात माझी पानं.
‘‘चिठ्ठीत शेवटचा आकडा एक हवा होता गं. रागाच्या भरात तीन लिहिला मी. एकशे एकने सरळ भाग गेला असता... चार दिवसांत येशील, असं धरून बसले होते.’’
माझी पिशवी कुठंय?