नावाच्या जागी आवाज उतरतो

नांदेड
दि. ११ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्यास,
बुद्धप्रियाचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुला माझं बोलणं कळत नाही आणि मी ओरडले की शेजारच्या बाई भिंत वाजवतात, तेव्हा आपलं पत्रच बरं. कानाचं मशीन अजून शिट्टी मारतं का? लातूरच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नकोस. तू चुकवणार हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

अण्णांना जाऊन जानेवारीत वर्ष होईल. त्यांच्या गायन पार्टीच्या गाण्यांवरचा माझा प्रबंध आता अर्ध्यावर आलाय. जुन्या कॅसेटवरची चौतीसच्या चौतीस गाणी संगणकावर घेतली. प्रत्येक गाणं तीनदा ऐकते. एकदा नुसत्या चालीसाठी, एकदा अक्षराचा उच्चार तुटक आहे की ओढलेला हे बघायला, आणि एकदा आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो ते टिपायला. आदर्श म्हणतो, बापाचं गाणं ऐकायचं सोडून ही बाई त्याचं पोस्टमॉर्टम करतेय. भाऊ आहे, बोलू दे.

तुला एक मजा सांगते. शेवटच्या अंतऱ्यात रचणारा आपलं नाव घालतो, आणि त्या नावावर गाणारा आवाज चढवतो, ही तर आपल्याकडची रीतच. अण्णाही तेवीस गाण्यांत तसंच करतात. ‘केरबा’ आलं की माईक फाटतो. पण अकरा गाण्यांत उलटं आहे. ‘पोरी, पाटी घे हातात’ यात सगळं गाणं अक्षराला एक सूर, ठोकून बसवलेलं. फक्त ‘केरबा म्हणे आता, नाही वाकवायचा माथा’ इथे ‘केर’ एका सुरात उरकून ‘बा’ तीन सुरांवर ओढलाय आणि आवाज एकदम खाली. अकराही गाण्यांत असंच. मी लिहून टाकलंय की या गाण्यांत शाहिरांची नम्रता दिसते. त्यांनी तुझ्याकडे कधी याचा विषय काढला होता का? तू त्यांची थोरली बहीण, शिवाय पार्टीत मागे झील धरायचीस, तुला ठाऊक असणार.

१९ जानेवारीला स्मृतिदिनाचा कार्यक्रम आहे, त्यात मी पेटीवर ‘पोरी, पाटी घे’ गाणार आहे. त्याच दिवशी आदर्श चौतीस गाण्यांचं पुस्तक काढतोय, शिवाय चौकाला अण्णांचं नाव द्यायच्या खटपटीत आहे. तुला यायचंच आहे.

लोभ आहेच, त्यात वाढ कर.
तुझी,
बुद्धप्रिया


चाकूर
दि. २१ नोव्हेंबर २०२४

चि. बुद्धप्रियास,
आत्याचा जय भीम व अ. आ.

पत्र पोचलं. कानाची तारीख चुकली. डॉक्टर पुन्हा तेच सांगणार, उजवा गेला, डावा जायच्या वाटेवर आहे. त्यासाठी बसचे हाल कोण करून घेणार?

तुझ्या बापाची नम्रता वाचून मी एकटीच हसले. अगं, पंगतीत पहिलं ताट त्याच्यापुढं आलं नाही तर तो उठून जायचा. शाल अंगावर पडली की घरी येईपर्यंत काढायचा नाही, मग उन्हाळा का असेना. असा माणूस स्वतःच्या नावावर आवाज कशाला उतरवेल? एवढी शिकलीस, पण बाप म्हटलं की तुझी अक्कल गहाण पडते.

तू मोजलंस ते बरोबर आहे, अर्थ लावलास तो चूक. ज्या गाण्यात सगळी अक्षरं एकेका सुरावर आहेत, तिथं एकच अक्षर तीन सुरांवर का ओढावं लागतं? अंगरखा दुसऱ्याच्या मापाचा असला की असं होतं. जरा नाव बदलून गाऊन बघ. आपल्याच घरातलं नाव घे. जास्त काही सांगत नाही. पन्नास वर्षं गप्प राहिले, आता बोलले तर म्हणतील म्हातारी भावाच्या माघारी बोलती.

इकडं तुरी चांगल्या आल्यात. तब्येतीला जप. मोठ्यांना विचारून वागत जा, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

तुझी,
आत्या


नांदेड
दि. २ डिसेंबर २०२४

प्रिय आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पेटी काढली. आधी आजीचं नाव घालून पाहिलं, बसलं नाही. मग तुझं. ‘नागुबाई म्हणे आता.’ चार अक्षरं, चार सूर, कुठे ओढायला नको, कुठे दाबायला नको. अकराही गाण्यांत घालून पाहिलं. सगळीकडे बसलं.

आत्या, ही अकरा गाणी तुझी आहेत ना? चौतीसमधली लोकांच्या तोंडी असलेली हीच आहेत. बाकी तेवीस कुणाला आठवतही नाहीत. मी दहा वर्षं या गाण्यांवर भाषणं देतेय आणि तू दरवेळी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत आलीस. मला तुझा राग येतोय आणि माझी लाजही वाटतेय. तू माझ्याजवळ तरी बोलायचं होतंस.

मला सगळं लिहून कळव. अण्णांनी असं का केलं आणि तू का करू दिलंस? नम्रतेचं पान मी फाडून टाकलं आहे.

उत्तराची वाट बघते.
तुझीच,
बुद्धप्रिया


चाकूर
दि. १५ डिसेंबर २०२४

चि. बुद्धप्रियास,
अ. आ. व जय भीम.

विचारलंस तर ऐक. गाणी माझी. मी ती तुरी बडवताना बांधली. दांडका एकसारखा पडत राहतो, त्याच्या प्रत्येक ठोक्यावर एक अक्षर बसवायचं. अक्षर ओढलं तर ठोका चुकतो आणि दांडका पायावर येतो. म्हणून माझ्या गाण्यात ओढणं नाही. संगणकानं तुला एवढ्या उशिरा सांगितलं, ते तुरीच्या खळ्यावरच्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी अट घातली, की सुनेचं नाव चौकाचौकात गायलं जाऊ नये. माझं वय वीस, तोवर पार्टीत ही गाणी मीच म्हणायचे. केरबा माझ्यापाशी आला, खाली मान घालून म्हणाला की अक्का, नाव काढावं लागतंय, जागा मोकळी राहिली तर गाणं लंगडं होईल, तोवर माझं घालू का? मीच हाव म्हणाले. गाणी मरू नयेत एवढंच डोक्यात होतं. पहिल्यांदा त्यानं तसं, स्वतःचं नाव घालून, कंधारला गायलं. मी मागं झील धरून उभी होते. नावाशी आला अन् त्याचा आवाज बसला. लोकांना वाटलं, घसा धरला.

पुढं सासू-सासरे गेले, मालकही गेले. मी म्हटलं, आता माझं नाव परत घाल. तर म्हणाला, अक्का, कॅसेट निघाली, लोकांना असंच पाठ झालंय, आता बदललं तर दोघांचंही हसं होईल. त्यानंतर दर चौदा एप्रिलला मला साडी आणायचा. मी घेत राहिले. तेव्हा सगळा दोष त्याच्यावर टाकू नको. पण गाताना तो त्या जागी आवाज चढवू शकला नाही, हे मी मरेपर्यंत त्याच्या बाजूनं मोजत राहीन.

मला पुस्तक नको, चौक नको. एकच मागते. डाव्या कानात अजून थोडं शिल्लक आहे. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत तेही जाईल. त्याआधी ‘पोरी, पाटी घे’ हे गाणं माझ्या नावासकट, भरल्या सभेत, एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय. कधीच ऐकलं नाही मी ते. १९ तारखेला तू गाणारच आहेस. नावावर आवाज चढव, मग मला नक्की ऐकू येईल.

तुझी,
आत्या


नांदेड
दि. ३ जानेवारी २०२५

प्रिय आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटलंय. १९ तारखेला मी तुझ्या नावानं गाणार. दिलेला शब्द समज.

आदर्शला सांगितलं. तो दोन दिवस जेवला नाही. म्हणतो, चौकाला अण्णांचं नाव द्यायचा ठराव याच महिन्यात आहे. अकरा गाणी त्यांची नाहीत म्हटलं तर लोक उरलेल्या तेविसांवरही बोट ठेवतील, आणि आयुष्यभर चळवळीसाठी गात फिरलेला माणूस मेल्यावर चोर ठरेल. पुस्तक छापून झालंय, आता काही होत नाही, असंही म्हणाला. मी भांडले. आई मध्ये पडली आणि रडायला लागली. घरात सध्या कुणी कुणाशी बोलत नाही. पण गाणं मी गाणार आहे, आदर्श नाही.

अहमदपूरमार्गे येणारी सकाळची बस धर. स्टँडवर मी स्वतः येते. मशीनमध्ये नवीन सेल घालून आण.

तुझीच,
बुद्धप्रिया


नांदेड
दि. २२ जानेवारी २०२५

प्रिय आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

सुखरूप पोचलीस ना? कार्यक्रम संपल्यावर तू न जेवता निघालीस, मी स्टेजवरून उतरेपर्यंत रिक्षा गेली होती. आईला वाईट वाटलं. तुझ्यासाठी वेगळा डबा काढून ठेवला होता.

आत्या, मी तुझं नाव घेतलं. तू पहिल्या रांगेत असलीस तरी स्पीकर दोन्ही टोकांना होते, मध्ये आवाज नीट येत नाही. त्यातून टाळ्या लवकर सुरू झाल्या. तुला ऐकू आलं नसेल अशी भीती वाटते, म्हणून मुद्दाम लिहिते. ‘नागुबाई म्हणे आता.’ सभा उठून उभी राहिली. आदर्शनं शाल घालून तुझा सत्कार केला, तोही आपणहून. हळूहळू त्याचंही मन वळेल.

प्रबंधात सध्या एक तळटीप घालते आहे, की काही गाण्यांच्या चालींवर शाहिरांच्या थोरल्या भगिनींचा प्रभाव संभवतो. मार्गदर्शक सरांचं म्हणणं, लेखी पुरावा नसताना याहून जास्त लिहिता येत नाही. पुढे पुस्तक करताना सविस्तर लिहू.

रागावू नकोस. तब्येत कळव.
तुझीच,
बुद्धप्रिया


चाकूर
दि. १३ फेब्रुवारी २०२५

बुद्धप्रियास,
जय भीम.

स्पीकर कुठं होते ते मला माहीत नाही. मला त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. सेल नवीन होते, कानच संपलाय. बसमध्ये बसल्यावर इंजिनाचा आवाज येईना, तेव्हाच कळलं होतं. तरी उतरून परत गेले नाही. म्हटलं, ऐकू नाही आलं तर बघून येऊ.

म्हणून मी सगळं गाणं तुझ्याकडं बघत बसले. नागुबाई म्हणायचं तर ‘गु’ला ओठ चंबूसारखे पुढं येतात. तुझे आले नाहीत. तुझं तोंड ‘के’ला फाकलं आणि मग ‘बा’वर उघडंच राहिलं, तीन सूर. पेटीच्या भात्यावरचा तुझा डावा हात त्याच जागी सैल पडला. सभा उठली ती गाणं संपल्यावर, आणि तू माझ्याकडं सोडून सगळीकडं बघितलंस. त्यावर मला शाल मिळाली. शालीबरोबर हातात दिलेल्या पाटीवर काय लिहिलं होतं ते वाचता येतं मला. शाहिरांची भगिनी. तिथंही नाव नव्हतं.

आदर्शच्या दडपणाखाली तुझी जीभ वळली नाही, एवढं लिहिलं असतंस तरी मी समजून घेतलं असतं. मीही विसाव्या वर्षी अशीच वळले होते. पण बहिरीला काय कळतंय, असं धरून तू खोटं लिहून पाठवलंस. केरबानं माझं नाव नेलं ते मला विचारून, समोर मान खाली घालून. तुझं नाव गायलं, असं खोटं त्यानं मला कधी सांगितलं नाही. तुझ्या बापापेक्षा तू जास्त शिकलीस, हे खरं आहे.

तळटीप काढून टाक. बारीक अक्षरात मला राहायचं नाही. प्रभाव कसला संभवतो? गाणी बांधली मी.

काल पौर्णिमा होती. विहारात बाया जमल्या, त्यांना मी ते गाणं म्हणून दाखवलं, माझ्या नावासकट, जोरात. त्यांनी हात जोडले, काही हसल्या. सूर लागला की सुटला, मला आता कळायचा मार्ग नाही. हे खरं सांगू शकेल असा कान आपल्या घरात एकटा तुझा आहे. पण तुझ्या सांगण्यावर माझा आता विश्वास नाही, म्हणून तुला बोलवत नाही.

शेवटी लोभ असावा असं लिहितात. तो माझ्याकडून संपत नाही, ही माझी खोड आहे. तू मात्र त्याच्या भरवशावर राहू नको.

नागुबाई