गोळी वेळेवर देणाऱ्याचं घर

मी, जमना कमलाकांत तामोरे, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, धंदा मासळी सुकवणं आणि विकणं, राहणार तारापूर, शुद्धीवर असून कोणाच्या दाबाखाली न येता हे मृत्युपत्र सांगते आहे. मला अक्षर येत नाही. शेजारचे बळवंतभाऊ लिहितात. शुद्धीचा दाखला डॉक्टर हेतलबाईंनी दिला आहे. घरच्यांना तो पटायचा नाही. ते मला खुळी समजूनच वागले.

१. मला पोटाचा कॅन्सर आहे. घरात त्याला पित्त म्हणतात. मुंबईच्या डॉक्टरनं पोट माझं तपासलं आणि सांगितलं मुलाला. पण बोईसरच्या बाजारात बायका माझ्याशी बोंबलाची घासाघीस करीनात, तेव्हाच ओळखलं, आपलं काही खरं नाही. पुढे हेतलबाई घरी आल्या, जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "मावशी, हे बरं होणार नाही. पण तुम्हाला दुखू द्यायचं नाही, ते माझं काम." माझ्याशी खरं बोललेलं ते पहिलं माणूस.

२. बाजारातली बसायची जागा आणि पाट्या सून सपनाला. रडते फार, पण माझं अंग पुसताना नाक मुरडत नाही.

३. सोन्याची माळ मुलगी रूपलला. ती रविवारी येते, "आई, तू बरी होशील गं" म्हणते आणि चहा पिऊन जाते. माळेसाठी तरी जरा जास्त बसावं.

४. घर मुलगा प्रफुल्ल याला, पण अटीवर. हेतलबाईंनी दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या त्यानं कपाटात कुलपात ठेवल्या आहेत.

"आई, सवय लागंल तुला."

"सवय लागाया येळ तरी हाय का, पोरा?"

"लोक काय म्हनतील, आईला नशा देतो?"

लोकांचं पोट दुखत नाही. मी कण्हते तेव्हा हा टीव्हीचा आवाज वाढवतो. म्हणून अट अशी: गोळी ठरल्या वेळेला मिळाली आणि मला पुन्हा दवाखान्यात नेऊन नळ्या घातल्या नाहीत, असं हेतलबाईंनी लिहून दिलं, तर घर प्रफुल्लचं. नाहीतर रूपलचं.

५. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. माझं आजच, प्रफुल्लला समोर बसवून वाचावं. मेल्यावर मला काही दुखणार नाही.

६. वाचून झालं. प्रफुल्लनं आधी विचारलं, "रूपलचं नाव खोडता येल का?" मग उठून गोळ्यांची डबी माझ्या उशाशी आणून ठेवली. बळवंतभाऊ, ह्याच क्रमानं लिहा.

जमना कमलाकांत तामोरे, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: डॉ. हेतल राऊत (सही), चिंधू मेहेर (सही)
लिहिणार: बळवंत पाटील (सही)
तारापूर, १२ नोव्हेंबर २०२४