खाणीतलं खालचं पाणी

४ मे १९८८, धुळे
आज पुन्हा दगडाच्या जुन्या खाणीवर. तीस फूट पाणी. झुलालभाऊ आणि बारा घरांनी मिळून तिच्यात कटला-रोहूचं बी सोडलंय. "मासा वाढत नही, ताई." पाणी अगदी नितळ — तेच वाईट. डोळ्यांना न दिसणारं शेवाळ वाढलं तर पाणी हिरवं होतं. तेच माशांचं खाणं.

तापमापक दोरीनं सोडला. वर एकतीस, तळाशी तेवीस. वरचं पाणी तापून हलकं, खालचं गार आणि जड — दोन्ही मिसळतच नाहीत. शेवाळाला लागणारं खत सगळं तळाशी अडकून पडलंय.

सांगून आले — बारा फूट खोलीवरचं पाणी पंपानं वर फेका, सावकाश. तळाला हात लावू नका. तिथल्या पाण्यात प्राणवायू नाही.

१० मे
पाणी हिरवट! झुलालभाऊंच्या कमलबाईंनी ओंजळीत धरून दाखवलं.

१३ मे
हिरवेपणा वाढेना. पंपाची नळी बारावरून बावीस फूट खोल सोडायला लावली. शोधनिबंध जूनमध्ये पाठवायचाय, आकडे हवेत. झुलालभाऊंनी आधी पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही सांगशात तसं करूत."

१६ मे
तळाशी सत्तावीस. थर मोडताहेत — वारा सुटला तर तळाचं पाणी वर येईल. पंप बंद करायला लावला. का, ते कुणालाच सांगितलं नाही.
हवा कोंदलीय. पान हलत नाही.

१८ मे
काल संध्याकाळी वादळ. आज सकाळी खाण पांढरी दिसली — मासे पोट वर करून. कमलबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पाट्या भरत होत्या. रडत नव्हत्या. झुलालभाऊ येईल त्याला वादळाचंच सांगत होते, "वावधननी घात करा."
माझ्याकडे बघितलं सगळ्यांनी. मीही 'हो' म्हणून मान हलवली.

१९ मे
वादळ दर मे महिन्यात होतं. थर घट्ट असते, तर तळ वर आलाच नसता.


२१ मे
बारा घरांसमोर सांगितलं. वादळानं नाही, माझ्या नळीनं मेले मासे. सोळा तारखेलाच मला कळलं होतं. कमलबाई उठून आत गेल्या.

झुलालभाऊ रस्त्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "माले मालूम व्हतं. वावधन येवाना आदले रोज पानीले सडेल वास सुटेल व्हता."
मग तेव्हाच का नाही बोललात?
"वाट देखत व्हतू, ताई. तुम्ही सांगतस का, ते."