रिचमंड ते ग्लेनमूर, मोटारीने

ग्लेनमूर, व्हरमाँट
१२ जून १९४६

चि. मॉर्ना हिस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. लढाई संपली, जहाजं बांधायचं काम आटपलं आणि बायकांना सगळ्यांत आधी घरी पाठवताहेत, हे इथल्या वर्तमानपत्रातही आलं होतं. त्यामुळे तू परत येणार हे मी धरून चाललो होतो. पण चांगली रेल्वे असताना तीन मुलींनी बारा वर्षं जुन्या मोटारीतून कॅलिफोर्नियापासून इथपर्यंत अख्खा देश का तुडवायचा, ते माझ्या डोक्यात शिरत नाही. टायर अजून कुठे मिळत नाहीत. वाटेत एक फुटला की बसाल तिथेच.

तीन वर्षांपूर्वी तू गेलीस तेव्हा मी स्टेशनवर आलो नाही. ते आता उकरायला नको. तीस वर्षं दगडाच्या कारखान्यात छिन्न्यांना धार लावतोय, लोखंड माणसाच्या हातांचं काय करतं ते मला ठाऊक आहे. म्हणून तू वेल्डिंग शिकायला निघालीस तेव्हा नको म्हणालो. तू ऐकलं नाहीस. झालं ते झालं. मिसेस टेंचनी किराणा दुकानातली तुझी जागा राखून ठेवली आहे. आलीस की दुसऱ्या दिवशी उभी राहू शकतेस.

अ‍ॅबरडीनहून एल्सपेथआत्या प्रत्येक पत्रात तुझी खबर विचारते. तू ठीक आहेस असं मी कळवतो, कारण मला तेवढंच माहीत असतं.

दर दोनशे मैलांवर इंजिनातलं तेल बघ. घाट उतरताना ब्रेकवर पाय देऊन बसू नकोस, गिअरमध्ये उतर. जपून या.

तुझे,
बाबा

एल्को, नेवाडा
१ जुलै १९४६

ती. बाबांस, मॉर्नाचा शि. सा. न.

घाट गिअरमध्ये उतरलो. दर दोनशे मैलांवर तेल बघतो. मी गाडी थांबवून बॉनेट उघडलं की अर्झेला विचारते, तुझे बाबा डिकीत बसून आलेत का गं.

तर या अर्झेलाची आणि विल्माची ओळख करून देते. विल्मा आयोवाची शेतकऱ्याची मुलगी. तिच्याकडे नकाशा दिला, ही माझी चूक. काल तिने आम्हाला चाळीस मैल आत एका बंद पडलेल्या खाणीपाशी नेलं आणि वर म्हणाली, की नकाशा जुना आहे. ती आयोवात बहिणीकडे उतरेल. अर्झेला लुइझियानाची. मला वेल्डिंग खरं शिकवलं ते तिने. पहिल्या महिन्यात मी पत्र्यांचे केलेले सांधे बघून मुकादम मान हलवायचा. ती जेवणाच्या सुट्टीत माझ्यामागे उभी राहून हात धरून शिकवायची. आमच्या रिचमंडच्या धक्क्यावर डोक्यावरचा, म्हणजे हात वर करून करायचा सांधा तिच्याइतका कुणाला जमत नव्हता, पुरुषांनाही नाही.

आता एक गोष्ट, जी मी आधी लिहायला हवी होती. अर्झेला काळी आहे. परवा एका गावात घरमालकीण म्हणाली, दोघींना खोली आहे, तिघींना नाही. विल्माने विचारलं, पलंग कमी आहेत का. बाई म्हणाली, पलंग भरपूर आहेत. आम्ही तिघी नदीकाठी गाडीतच झोपलो. पुढच्या गावीही तेच झालं. अर्झेला म्हणते, तुम्ही दोघी खोलीत जा, मला सवय आहे. आम्ही जात नाही. ती मागच्या सीटवर, आम्ही पुढे पाय पोटाशी घेऊन. विल्मा झोपेत लाथा मारते.

अर्झेलाची मावशी बॉस्टनला असते, तिच्याकडे ती निघाली आहे. त्याआधी आठवडाभर मी तिला आपल्या घरी बोलावलं आहे. तुमची हरकत असेल तर आमच्या वाटेवरच्या लॅरमी गावच्या पोस्टात माझ्या नावाने तसं पत्र पाठवून ठेवा. म्हणजे मी घरी न येता तिच्याबरोबर सरळ बॉस्टनला जाईन. रागाने लिहीत नाही, बाबा. पण तिला आपल्या दारात उभं करून परत फिरवणं मला जमणार नाही.

दुकानाचं भेटीत बोलू. तब्येतीला जपा आणि माझ्यावर रागावलात तरी पत्र लिहायचं थांबवू नका.

आपली,
मॉर्ना

ग्लेनमूर
६ जुलै १९४६

चि. मॉर्ना हिस, अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. गावातले लोक बघतील, आणि बोलतीलही. मी एकोणिसाव्या वर्षी बोटीतून उतरून इथे आलो तेव्हा एका बाईने माझं स्कॉटिश बोलणं ऐकून तोंडावर दार लावलं होतं. मला राग यायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली, इतका मी गोंधळलो होतो. तुझ्या मैत्रिणीचं आणि माझं सारखं नाही, एवढं मला कळतं. माझं बोलणं दोन वर्षांत बदललं आणि दारं उघडली.

माडीवरची खोली झाडून घेतली आहे. खिडकी बसत नव्हती, ती रंधा मारून बसवली. तिला मासे चालतात का ते कळव. मला दुसरं काही धड रांधता येत नाही, हे तुला माहीतच आहे.

तिघी आळीपाळीने गाडी चालवता ना? एकीवर भार टाकू नका. विल्माकडून नकाशा काढून घे.

वाट बघणारे,
बाबा

नेब्रास्का
१६ जुलै १९४६

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लॅरमीला मिळालं. सॉल्ट लेकला टायरसाठी सहा दिवस अडकलो होतो, म्हणून उशीर झाला. मी पत्र अर्झेलाला वाचायला दिलं. तिने वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, मासे चालतात म्हणून कळव.

आता कालचं सांगते. एका छोट्या गावात पेट्रोल भरायला थांबलो तर बोल्टे नावाचा शेतकरी गॅरेजवाल्याला गळ घालत होता. त्याचा गहू उभा होता, कापणी-मळणीच्या यंत्राचा खालचा सांगाडा तडकला होता आणि पश्चिमेला गारांचे ढग चढत होते. गावातला वेल्डर म्हणजे ऑर्लन म्हातारा, त्याचा हात मोडून प्लास्टरमध्ये. दुसरा वेल्डर साठ मैलांवर, तोही परवा येणार होता. विल्मा गाडीतून उतरून म्हणाली, आमच्याकडे दोन आहेत. बोल्टेने गाडीत वाकून पाहिलं आणि विचारलं, कुठे झोपलेत का ते?

ऑर्लनचं वेल्डिंगचं यंत्र गाड्यावर चढवलेलं होतं. ते ओढून शेतात नेलं. तडा अगदी तळाला. यंत्राखाली पाठीवर पडूनच तो सांधावा लागणार होता, म्हणजे ठिणग्या सगळ्या अंगावर. त्याहून वाईट म्हणजे खाली वाळलेलं काड. एक ठिणगी भलतीकडे गेली असती तर शेजारचंही रान पेटलं असतं. मग आधी कुदळ-फावड्याने जमीन उघडी केली, पिपांनी पाणी ओतलं, पोती भिजवून चहूबाजूंनी अंथरली. अर्झेला म्हणाली, मी आत जाते, तू माझ्या पायाशी बस आणि ठिणग्यांवर नजर ठेव. मी म्हणाले, अर्धा सांधा मी करते. ती म्हणाली, तुझा अर्धा चांगला होईल, पण आज चांगला नको, पक्का हवा. मला लागलं ते. पण खरं होतं.

ती दीड तास आत होती. दोनदा तिच्या कॉलरमध्ये ठिणगी गेली, हात हलला नाही. काड तीनदा पेटलं, मी ओल्या पोत्याने विझवलं. बाहेर आली तेव्हा मानेवर फोड आले होते. ऑर्लन कसाबसा आत सरकला आणि धड असलेल्या हाताने हातोडी मारून सांधा वाजवून बघत राहिला. बाहेर येऊन त्याने बोल्टेला सांगितलं, की तुझं यंत्र मोडेल तेव्हा सगळीकडे मोडेल, पण इथे मोडणार नाही. संध्याकाळपर्यंत गहू कापून झाला. गारा पडल्या त्या धसकटांवर.

मग जेवणाची वेळ झाली. बोल्टेबाईंनी टेबल मांडलं होतं. मी हात धुऊन बसले, काटाही उचलला. विल्मा बसेना. ती ओसरीकडे बघत होती. तिथे एका स्टुलावर तिसरं ताट ठेवलेलं होतं. बाबा, मला ते दिसायला वेळ लागला. तीन वर्षं बरोबर काम केलं, दोन आठवडे एका गाडीत झोपले, आणि भूक लागली तर मी आधी बसले. आम्ही दोघी ताटं उचलून बाहेर गेलो. मागोमाग ऑर्लन एका हातात ताट तोलत आला. शेवटी बोल्टे येऊन पायरीवर बसला. बाई आतच राहिल्या. अर्झेलाने मला कोपर मारून सांगितलं, की भूक लागली की तुझे डोळे मिटतात, हे मी रिचमंडलाच पाहिलं होतं. तिने हसण्यावारी नेलं. मी नाही नेऊ शकले, म्हणून तुम्हाला लिहिते.

आयोवात विल्माच्या बहिणीकडे आठ-दहा दिवस मुक्काम आहे. पत्ता मागे लिहिला आहे. माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
मॉर्ना

ग्लेनमूर
२१ जुलै १९४६

चि. मॉर्ना हिस, भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुपारच्या सुट्टीत कारखान्यात मोठ्याने वाचलं. आधी विचारायला हवं होतं, पण पहिली ओळ वाचल्यावर थांबता येईना. तीस वर्षांत मी त्या बाकावर बसून एकूण जेवढं बोललो नसेन तेवढं त्या दिवशी बोललो. वॉलेस लढाईच्या काळात नौदलाच्या गोदीत होता. त्याने सगळ्यांना समजावलं, की पाठीवर पडून वरचा सांधा करणं म्हणजे काय असतं, आणि वितळलेलं लोखंड खाली न पडू देता वर कसं चिकटवतात. पोरं विचारताहेत, रॉड किती जाडीचा होता? कळव.

ओसरीबद्दल लिहिलंस तेही वाचलं. तेवढं वाचून कागद खिशात ठेवला. तुला उशिरा दिसलं, पण दिसल्यावर तू उठलीस. आणि तुझं वाईट वागणं मला लपवून न ठेवता लिहिलंस. तुझ्या आईची ही सवय होती. मला ती कधी जमली नाही, म्हणून तर स्टेशनवर आलो नाही. यायला हवं होतं, मॉर्ना.

आता कामाचं. दगड उचलायच्या याऱ्या जुन्या झाल्यात आणि मालकांना कारखान्यातच कायमचा वेल्डर हवा आहे. जागा एक आहे. मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, गॅविन, तुझी मुलगी असेल तर मी दुसऱ्या कुणाला बघत नाही. दुकानात जाऊन मिसेस टेंचना तू येणार नाहीस म्हणून सांगून आलो. त्या नाराज झाल्या. होऊ दे.

विल्माला आणि अर्झेलाला माझे आशीर्वाद. मानेच्या फोडांना लोणी लावू नका, थंड पाणी लावा.

तुझे,
बाबा

आयोवा
२६ जुलै १९४६

ती. बाबांस, शि. सा. न.

रॉड पाव इंचाहून बारीक, एक अष्टमांश इंचाचा होता. वॉलेसला सांगा.

तुम्ही दुकानात जाऊन आलात हे वाचून मी विल्माच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात रडले. सगळ्यांना वाटलं घरी कुणी गेलं.

पण मालकांना माझा निरोप द्या. जागा एक आणि वेल्डर दोन येताहेत, अर्झेलालाही काम हवंच आहे. त्यांनी दोघींची परीक्षा घ्यावी, बाहेरचा कुणी उमेदवार असेल तर त्याचीही, आणि चांगला असेल त्याला ठेवावं. परीक्षा नसेल तर माझं नाव मागे घ्या. निकाल काय लागेल ते मला माहीत आहे, बाबा. ज्या यारीखाली तुम्ही रोज उभे असता, तिचा सांधा कुणी केलेला मला हवा आहे, तेही माहीत आहे.

आठवड्याभरात पोचतो. आणखी काय लिहू? येतेच आहे.

आपली,
मॉर्ना

ग्लेनमूर
८ सप्टेंबर १९४६

ती. एल्सपेथताईस, धाकट्या गॅविनचा नमस्कार.

मॉर्नाची खबर दर पत्रात विचारतेस आणि मी एका शब्दात उरकतो, अशी तुझी तक्रार असते. या वेळी पान पुरणार नाही.

ती आणि तिची मैत्रीण अर्झेला ऑगस्टच्या चारला पोचल्या. गाडीला इतकी धूळ होती की रंग ओळखू येईना. मी फाटकाशी उभा होतो. मी हात पुढे केला, तर पोरीने गळ्याला मिठी मारली, रस्त्यावर, सगळ्यांदेखत. तिचे तळवे माझ्यासारखे झालेत.

मालकांनी परीक्षा घेतली, पण मनाविरुद्ध. बाहेरगावचा एक गडीही आला होता. प्रत्येकाने पोलादाच्या पट्ट्या आडव्या, उभ्या आणि डोक्यावर सांधायच्या, मग त्या शिकंज्यात धरून दुमडायच्या. सांधा उघडला की हरलात. अख्खा कारखाना काम सोडून बघत होता. त्या गड्याच्या दोन पट्ट्या उघडल्या. मॉर्नाची डोक्यावरची एक केसाएवढी उघडली. अर्झेलाची एकही नाही. मालक माझ्या पोरीला बाजूला घेऊन म्हणाले, की एका केसाचं काय धरायचं, तू इथली आहेस, जागा तुझी. ती बाजूला गेलीच नाही. जिथे होती तिथेच उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की पट्ट्या टेबलावर आहेत, ज्याला शंका असेल त्याने बघाव्या. मग वॉलेस गेला, पट्ट्या उचलून बघितल्या आणि पुढच्या माणसाच्या हातात दिल्या. अशा त्या तीस-चाळीस हातांतून फिरल्या. मालकांनी वहीत अर्झेलाचं नाव लिहिलं.

अर्झेला कामावर लागली. बॉस्टनच्या मावशीला तिने कळवलं, की नाताळला येईन. गाव बघतं, काही जण बोलतातही, आणि एक शेजारीण माझ्या घरासमोरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरते. तिची ती बाजू तिला लखलाभ. मी रांधलेले मासे अर्झेलाने तीन दिवस मुकाट्याने खाल्ले आणि चौथ्या दिवशी मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. आता मी भांडी घासतो.

मॉर्ना आठवडाभर राहून मेन राज्याच्या किनाऱ्यावर गेली, एकटी, त्याच गाडीतून. तिथे बोटी दुरुस्त करायच्या एका कारखान्यात तिला काम मिळालंय. या वेळी तिला निरोप द्यायला मी गावाच्या वेशीपर्यंत गाडीत बसून गेलो आणि दोन मैल चालत परत आलो.

ताई, लोकांना वाटतं मला वाईट वाटलं असेल. परवा कारखान्यात नवा हिशेबनीस आला. त्याला कुणी अर्धवट सांगितलं होतं. त्याने भीतभीत विचारलं, की त्या परीक्षेत तुमच्या मुलीचं काय झालं. मी त्याला सांगितलं, ती दुसरी आली. पहिली माझ्याच घरी राहते.

तुझा भाऊ,
गॅविन