वीस फुटांवरची रेघ

ता. ११ जानेवारी १९०९, धार

आरसा फुटला! डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचा तो एकच आरसा दवाखान्यात होता, आणि टांग्यातून उतरताना माझ्याच हातून पडला. मुंबईला पत्र टाकलंय. येईल तेव्हा येईल. तोवर भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि वीस फुटांवर खडूची रेघ, एवढ्यावर भागवायचं. काम थांबवणार नाही.

ता. १४ जानेवारी

मुलं निवडली. चाळीस धारची, चाळीस देवासची. सगळ्यांनाच लांबचं अंधुक दिसतं. धारच्यांच्या डोळ्यांत रोज बाहुली मोठी करून डोळ्याला विसावा देणारे अ‍ॅट्रोपीनचे थेंब, दिवेलागणीनंतर पुस्तक बंद, आणि ज्यांना चष्मे होते त्यांचे काढून घेतले. देवासच्यांना काहीच नाही, नुसती तपासणी. वर्षाअखेर कोणाची नजर किती उतरली ते पाहायचं. चष्म्यानं डोळा आळशी होतो आणि नंबर चढतो, असं माझं मत आहे. हसणाऱ्यांनी हसावं.

धारची एकेचाळिसावी – विनोदिनी. माझी मुलगी.

वहीत प्रत्येकापुढे भाकीत लिहिलं. तिच्यापुढे लिहिताना हात अडला. आई अधू नजरेची, मुलीला दहाव्या वर्षीच फळा दिसत नाही – सोळाव्या वर्षी नंबर दहाच्या वर. सुभद्रेला, तिच्या आईला, शेवटी शेवटी माझं तोंडसुद्धा हातानं चाचपून ओळखावं लागे. विनूचं तसं होऊ देणार नाही. हे भाकीत मला खोटं पाडायचंय.

ता. १५

विनूचा चष्मा गेला म्हणून अक्का खूष. "बरं झालं बाई! अमझेऱ्याची मंडळी पुढच्या वर्षी बघायला येणार. चष्म्याची पोर कोण पत्करतं?" थोरली बहीण, विधवा. सुभद्रेमागे घर तिनंच सावरलं. तिला काय बोलणार?

ता. ३ एप्रिल

विनू थेंब घालताना रडते. उन्हात डोळे उघडत नाही, अक्काच्या पदराखालून चालते. पुस्तक बंद, म्हणून संध्याकाळभर अक्काजवळ बसून परवचा म्हणते. अक्काला अक्षर येत नाही, पण ऐकलेलं सगळं जन्मभर पाठ! पोरीचाही पिंड तोच.

ता. १० जुलै

देवासहून आलो. थोरल्या पातीतल्या, म्हणजे तिथल्या थोरल्या संस्थानातल्या, शाळेचा हेडमास्तर माधव माझा जुना वर्गमित्र. जागा एवढीशी, म्हणून एकेक मूल आत घेऊन दार लावून तपासलं. सतरा जणांची नजर आणखी उतरलीय. माधव म्हणाला, "यांनाही दे की तुझे थेंब." नाही म्हणालो. तुलना कशाशी करू मग?

ता. १४ जुलै

धारला सगळं उलट! दवाखान्याच्या ओसरीवर रांग लावली. एकेकानं रेघेवर यायचं, एक डोळा झाकायचा, खणखणीत वाचायचं. मी टेबलाशी मान खाली घालून लिहून घेतो. एकाचीही नजर उतरलेली नाही, बावीस जणांची चक्क सुधारली! पोरं धडाधड वाचताहेत म्हणून खूष झालेले शाळेचे उमाशंकर मास्तर दारातूनच ओरडले, "डाक्टर साब, छोरा होन तो फर्राटा से बाँची रिया हे!" विनूनं शेवटून दुसरी ओळ वाचली. अक्का खांबाशी वाती वळत बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, उगाच कशाला लपवू!

ता. २ ऑगस्ट

मुंबईहून आरसा आला. पेटी कपाटावर ठेवली. आता घाई कसली?

ता. १९ ऑगस्ट

गणपतराव शिलेदारांचा मधला मुलगा छत्रीबाजारात टांग्याखाली आला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मीच कापला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "टांगा दिसलाच नाही." दिसला नाही काय? गेल्याच महिन्यात तक्ता तळापर्यंत वाचला यानं! जानेवारीत त्याचा चष्मा मी काढून घेतला, तेव्हा निम्मासुद्धा वाचता येत नव्हता. पोरं धांदरट असतात, दुसरं काय.

गणपतराव आले, नमस्कार करून गेले.

ता. ६ सप्टेंबर

विनूचा हात चुलीत भाजला. वेंधळी! फार बोललो तिला.

ता. ८ ऑक्टोबर

वर्ष संपायची वाट न पाहता दरबारात अहवाल पाठवला. शिफारस – सर्व शाळांत मुलांचे चष्मे बंद.

ता. २ नोव्हेंबर

आज विनूची महिन्याची तपासणी. दिवाळीच्या सफेदीला माणसं लागलेली, ओसरीवर चुन्याचा वास. टेबलाशी बसलो, वही उघडली, म्हटलं, "हं, रेघेवर." तिनं डोळा झाकला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता म्हणाली. एकही अक्षर चुकलं नाही. शाबास म्हणायला मान वर केली.

भिंत कोरी होती. ओला चुना. तक्ता शिपाई रघुजीनं सकाळीच उतरवून खाली ठेवला होता.

"सायेब, चुना लागंल म्हनून काडला," रघुजी म्हणाला.

विनू अजून कोऱ्या भिंतीकडेच बघत होती. विचारलं तेव्हा म्हणाली, "अक्का रोज म्हणून घेते. परवचा झाला की. ओसरीवर मुलं म्हणतात ना, तिला तेवढ्यावरनं पाठ झालं. बाबा, सगळ्यांनाच येतं."

ता. ३ नोव्हेंबर

आरशाची पेटी उघडली. विनू – उजवा अकरा, डावा बारा. वय दहा.

उरलेल्या चाळीस जणांना उद्या सकाळी बोलावलंय. एकोणचाळीसच येतील. गणपतरावांकडे मलाच जावं लागेल.